आईचं दूध : कशावरून चांगलं?

विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला म्हातारा आईच्या दुधावर काय बोलणार? वैद्यकीय सल्ला मी देणार नाही, तो माझा अधिकार नाही. मला विचारायचा आहे तो आमच्या शास्त्रातला जुनाच प्रश्न : आपल्याला जे ठाऊक आहे ते कोणत्या प्रमाणाने ठाऊक आहे? 'आईचं दूध सर्वोत्तम' हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर असतं. त्या वाक्याच्या आधारे आपण बाळंतिणीला धीर देतो, आणि कित्येकदा दोषही देतो. म्हणून ते किती खरं आणि कशाच्या बाबतीत खरं, हे नीट पाहिलं पाहिजे.

आधी दुधात काय असतं ते बघू. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्यानंतर मानवी दुधात सर्वांत जास्त असणारा घन घटक म्हणजे ऑलिगोसॅकराइड्स, म्हणजे साखरेच्या छोट्या साखळ्या. एका लिटरमध्ये साधारण ५ ते १५ ग्रॅम, आणि प्रकार दीडशे-दोनशेच्या घरात. गंमत अशी की बाळाला त्या पचतच नाहीत. आता तुम्ही म्हणाल, बाळंतिणीचं शरीर स्वतः झिजून, बाळाला न पचणारा पदार्थ इतक्या प्रमाणात का बनवील?

उत्तर हळूहळू मिळालं. १९००च्या सुमारास पॅरिसला हेन्री तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात एक विशिष्ट जिवाणू सापडला. त्याला आज बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात. पुढे १९५०च्या दशकात पॉल ग्यॉर्गी, रिचर्ड कुन आदींनी दाखवलं की या जिवाणूला वाढवणारा घटक म्हणजे दुधातल्या याच साखरा. अलीकडे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात ब्रूस जर्मन, डेव्हिड मिल्स, कार्लिटो लेब्रिला यांच्या गटाने या जिवाणूची एक जात, इन्फँटिस, त्या साखरा कशा फस्त करते हे जनुकांच्या पातळीवर उलगडलं. म्हणजे आई एका पानात दोघांना वाढते : बाळाला आणि बाळाच्या पोटातल्या पाहुण्याला. पाहुणा जागा व्यापतो आणि आम्ल तयार करतो, त्यामुळे उपद्रवी जंतूंना थारा मिळत नाही. शिवाय काही साखरा आतड्याच्या अस्तरासारख्या दिसतात. जंतू फसून त्यांनाच चिकटतात आणि बाहेर जातात.

दुसरी गोष्ट प्रतिपिंडांची. आईच्या आतड्यात एखादा जंतू गेला की तिथे त्याला ओळखणाऱ्या पेशी तयार होतात. त्या रक्तावाटे स्तनांत पोहोचतात, आणि त्या जंतूविरुद्धचं प्रतिपिंड दुधात उतरतं. आई ज्या घरात राहते, जे पाणी पिते, त्या घरातल्या जंतूंवरचा उतारा बाळाला मिळतो. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या दाट पिवळसर दुधात, म्हणजे चिकात, हे प्रतिपिंड सर्वाधिक असतं. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, आणि बाळंतिणीचा चीक मात्र 'जड असतो' म्हणून पिळून टाकायची चाल आपल्याकडे होती; काही घरांत अजून आहे. त्याऐवजी मधाचं बोट! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या केवळ ४१.८ टक्के बाळांना जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलं होतं.

आता प्रमाणाचा प्रश्न. अंगावर प्यालेली मुलं पुढे सडपातळ, हुशार आणि निरोगी निघतात, असं अनेक पाहण्यांत दिसलं. पण इथे नैयायिक हात वर करतो. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. जिथे अग्नी तिथे धूर, हे मात्र चूक. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात, म्हणजे नजरेआड राहिलेली अट. श्रीमंत देशांत जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या आया जास्त काळ अंगावर पाजतात. मग मूल हुशार निघालं ते दुधामुळे, की घरातल्या पुस्तकांमुळे?

उपाधी वगळायची तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या आयांना पाजायला आणि निम्म्यांना डब्यातलं दूध द्यायला सांगावं लागेल. ते अनीतीचं आहे. मायकेल क्रेमर यांनी बेलारूसमध्ये तोड काढली. १९९६-९७ साली त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या त्या रुग्णालयांच्या. ३१ केंद्रांपैकी काहींत आयांना पाजण्यासाठी खास मदत, बाकीच्यांत नेहमीचा रिवाज. १७ हजारांवर माता-बालकांच्या जोड्या. तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणारी बाळं मदत मिळालेल्या गटात ४३.३ टक्के, दुसरीकडे ६.४. वर्षभरात पोटाचा संसर्ग झालेली बाळं ९.१ टक्के, दुसरीकडे १३.२. इसबाचं प्रमाणही घटलं. पुढे मात्र लठ्ठपणा किंवा दमा कमी झाल्याचं दिसलं नाही. साडेसहाव्या वर्षी भाषिक बुद्धीत दिसलेला फरक सोळाव्या वर्षापर्यंत पुष्कळ ओसरला.

म्हणजे निष्कर्ष काय? संसर्गापासून रक्षण, हा दावा भक्कम. आपल्याकडे पाण्याची अवस्था पाहता त्याचं मोल अधिकच. 'मूल हुशार होईल, जाड होणार नाही' हे दावे मात्र हळू आवाजात करावेत. सत्याला अतिशयोक्तीची गरज नसते, आणि अतिशयोक्तीची किंमत आईला मोजावी लागते. जिला दूध कमी आलं, तिला आपण 'मुलाचं आयुष्यभराचं नुकसान केलंस' असं सुचवत असू, तर त्याला प्रमाण नाही.

बेलारूसमधून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांतल्या सगळ्या आयांनी पाजायला सुरुवात केलेलीच होती. इच्छेत फरक नव्हता, फरक होता तो मदतीत. म्हणून 'ती पाजत का नाही?' या प्रश्नाआधी 'तिला पाजता यावं म्हणून आपण काय केलं?' हा प्रश्न येतो. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती आस्थापनेत नोकरी असलेल्या बाईला. ऊसतोडीच्या फडात बाळाला झोळीत ठेवणाऱ्या बाईला कोणती रजा?

मदत म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १९८९ साली शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला देतात. तापवल्याने प्रतिपिंडं काहीशी घटतात, साखरा मात्र टिकतात. अशा बाळांत आतडी सडण्याचा जीवघेणा आजार डब्याच्या दुधापेक्षा या दुधावर कमी होतो.

त्या बाटलीवर जात लिहिलेली नसते, हेही जाता जाता सांगतो. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.