वृत्तपत्रविद्येची पदवी : पारख कशी करावी ?

बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत 'दर्पण' सुरू केलें, तेव्हां वृत्तपत्रविद्येची पदवी कोठेंच नव्हती. अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं या विद्येचें स्वतंत्र विद्यालय काढलें. पुणें विद्यापीठाचा 'रानडे इन्स्टिट्यूट' म्हणून ओळखला जाणारा विभाग १९६४ सालचा. आज अशी पदवी अनेक महाविद्यालयांतून मिळते. तेव्हां मुलानें वा मुलीनें ती घ्यावी काय, हा प्रश्न घरोघरीं निघतो. वकिलाला सनद लागते, पत्रकाराला लागत नाहीं. म्हणून या पदवीचें मोल तिच्या कागदावर नव्हे, तर तिनें अंगीं आणलेल्या पात्रतेवर ठरतें.

कसोटीसाठीं पालघर जिल्ह्यांतील मोखाडा तालुक्याचें पोशेरा गांव घ्यावें. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांचा हा मुलूख. पावसाळ्यांत येथें मुसळधार पाऊस, आणि उन्हाळ्यांत पाड्यापाड्यांवर हंडाभर पाण्यासाठीं पायपीट. याच तालुक्यांतील मध्य वैतरणा धरणाचें पाणी मात्र मुंबईच्या नळांस येतें. शेजारच्या जव्हार तालुक्यांत वावर-वांगणी येथें १९९२-९३ सालीं कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां कोठें या भागाकडे राज्याचें लक्ष गेलें.

पदवीधराला अशा गांवीं बातमीसाठीं धाडलें, तर त्याला काय यावें ? पहिली गोष्ट भाषा : स्थानिक बोली धीरानें ऐकण्याची संवय हवी. दुसरी, आंकड्यांची जाण. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या बालकाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर तें तीव्र कुपोषण समजतात. परंतु आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेलें मूल मोजणींतून सुटलें, तर वहींतील संख्या घटेल आणि भूक तशीच राहील ! तिसरी गोष्ट कायदा : २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यान्वयें अर्ज केल्यास सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवें, हें ठाऊक हवें. चौथी विवेक : आजारी बालकाचें नांव व छायाचित्र छापूं नये.

म्हणून प्रवेशापूर्वीं पालकांनीं स्टुडिओ व कॅमेरे पाहून भुलूं नये. विद्यार्थी वर्गाबाहेर किती दिवस काढतात, त्यांचें लेखन ओळीओळीनें कोण तपासतो, अध्यापकांनीं स्वतः बातमीदारी केली आहे काय, संख्याशास्त्र व कायदा खरोखर शिकवितात काय, हें विचारावें. उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर शुल्क सार्थकीं लागेल. न मिळालीं, तर इतिहास, अर्थशास्त्र वा विज्ञान यांची उत्तम पदवी घेऊन हा व्यवसाय वृत्तपत्राच्या कचेरींतच शिकणें अधिक हिताचें.