चेकची वणवण

बाहेरगावच्या चेकवर कापले जाणारे कमिशन आम्ही कारकून मंडळींनी पुष्कळ पाहिले आहे. अमेरिकेतही हेच दुखणे होते. परगावाहून टपालाने आलेल्या चेकची पूर्ण रक्कम अनेक गावांतील बँका देत नसत. काही पैसे कापून घेत. ही कपात चुकविण्यासाठी चेक ओळखीच्या बँकांमार्फत फिरविला जाई. जवळच्या गावचा चेकही शेकडो मैल हिंडे आणि पैसे अडकत ते ग्राहकाचे!

१९१४ साली तेथे १२ फेडरल रिझर्व्ह बँका सुरू झाल्या. १९१५ मध्ये त्यांनी ऐच्छिक योजना आणली. सामील बँकांचे चेक रिझर्व्ह बँकेतील त्यांच्या खात्यांवर जमा-नावे करून पूर्ण किमतीला वटवायचे. पण थोड्याच बँका आल्या. हातचे उत्पन्न स्वखुशीने कोण सोडणार? अखेर जुलै १९१६ पासून सभासद बँकांवर सक्ती झाली. सभासद नसलेल्यांना नॉर्थ कॅरोलिना राज्याने कपातीची मुभा दिली आणि १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

ज्याचे उत्पन्न बुडते त्याच्या मर्जीवर सोडलेली सुधारणा अर्ध्यावरच राहते. म्हणून नियम हवा, तसाच जागा ग्राहकही हवा. पासबुकात कपात दिसली, तर ती कोणत्या नियमाने झाली, हे आपण विचारलेच पाहिजे.