टर्बोच्या तेलाची परतीची वाट

नांदेड गोदावरीकाठी, लातूर बालाघाटच्या पठारावर. लोहा-अहमदपूरमार्गे सोयाबीन किंवा तूर भरून लातूरच्या बाजाराकडे निघालेल्या ट्रकला एकूण चढच लागतो. उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होते आणि नेमक्या त्याच वेळी भरल्या गाडीच्या इंजिनाला जास्त हवा लागते. ती हवा दाबून आत कोंबण्याचं काम टर्बोचं. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. त्याच धुरावर चाक फिरवून इंजिनात हवा भरायची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट केली.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे तेल इंजिनाच्याच पंपाकडून बारीक नळीतून दाबाने येतं, दांड्याला वंगण देतं, उष्णता घेतं आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये परत उतरतं. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाला टर्बो चढवायचा, तर खरी परीक्षा या परतीच्या नळीची असते. तेल आणणारी नळी कुठूनही वळवून नेता येते. परतीच्या नळीला पंप नाही. शेतातल्या पाटासारखी ती फक्त उतारावर चालते.

थोडा हिशेब करू. टर्बोला तेल साधारण अडीच बार दाबाने मिळतं. परतीच्या नळीची उंची ३० सेंटिमीटर धरली, तर तेलाच्या वजनाचा दाब भरतो जेमतेम ०.०२५ बार, म्हणजे शंभरावा हिस्सा. त्यातही दांड्याच्या वेगाने तेल घुसळून त्याचा फेस झालेला असतो. फेसात निम्मी हवा असेल, तर वजन निम्मं आणि खाली उतरण्याचं बळही निम्मं. म्हणून येणारी नळी बारीक चालते, जाणारी मात्र चांगली जाड, शक्य तितकी उभी लागते. मध्ये कुठे झोळ पडला, की तेल तिथेच साठतं.

परतीच्या नळीसाठी छिद्र पाडायचं ते चेंबरच्या बाजूला, डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेच्याही वर. नळीचं तोंड तेलात बुडालं, तर हलका फेस जड तेलाला ढकलू शकत नाही. चढावर चेंबरमधलं तेल मागच्या बाजूला सरकतं, तेव्हा सपाट जागेवर बरोबर वाटलेलं छिद्रही बुडू शकतं. क्रँकने उडवलेलं तेल थेट तोंडावर आदळेल अशी बाजूही टाळावी लागते.

चेंबर जागेवरच ठेवून, ड्रिलला ग्रीस लावून छिद्र पाडण्याची पद्धत आहे. कीस ग्रीसला चिकटतो असं मानतात. मला हा जुगार वाटतो. निसटलेला एक कण बेअरिंगवर ओरखडा उठवू शकतो. चेंबर उतरवावा, आतलं तेल पूर्ण धुऊन काढावं, जाड बुश वेल्ड करावा. ॲल्युमिनियमचा असेल तर आर्गन वेल्डिंग. मग बाहेरून जोडाला खडू फासून आत रॉकेल भरावं. खडू ओला झाला, की जोड कुठे गळतो ते लगेच दिसतं. टर्बोकडच्या पॅकिंगला सिलिकॉन थापू नये. त्याचे लोळे आत येऊन वाट अरुंद करतात.

ही वाट चुकली, तर पुढचा गोंधळ खर्चिक असतो. टर्बोच्या टोकांना रबरी सील नसतात, पिस्टन रिंगसारख्या धातूच्या कड्या असतात. साचलेलं तेल अडवणं हे त्यांचं कामच नाही. परतीची वाट तुंबली, की तेल एका बाजूने सायलेन्सरमध्ये, दुसऱ्या बाजूने हवेच्या पाइपात जातं. निळा धूर निघतो, इंजिन तेल प्यायला लागतं, आणि टर्बो गेला असा निकाल लागतो. नवा बसवतात. तोही तसाच गळतो, कारण दोष त्याच्या खाली असतो.

कधी नळी निर्दोष असते आणि इंजिन थकलेलं. रिंगा झिजल्या, की सिलिंडरमधला वायू चेंबरवरच्या क्रँककेसमध्ये उतरतो. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हा वायू बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला असेल तर तिथला दाब आणखी वाढतो. वर काढलेला ०.०२५ बारचा आकडा इथे महत्त्वाचा: खालून तेवढा दाब आला, तरी तेल उतरणं जवळजवळ थांबतं. म्हणून जुन्या गाडीत टर्बो घालण्याआधी ब्रीदर मोकळा करून त्यातून येणारा वायू बघावा. तो जोरात फुसफुसत असेल, तर आधी रिंगांचं काम करावं. रस्त्यावरच्या वाहनात मूळ रचनेबाहेरचा बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, तेव्हा आरटीओकडे विचारणाही आधीच करावी.

जोडणी झाल्यावर इंजिन लगेच ताणू नये. दांड्यापाशी तेल पोहोचेपर्यंत ते हलकं चालू द्यावं आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर टर्बोपासून निघणारा हवेचा पाइप सोडून आत बोट फिरवावं. हलका ओलावा चालतो. बोटावरून तेल ओघळलं, तर गाडी पुढे नेण्याआधी परतीच्या नळीचा उतार पुन्हा तपासावा.