डबी कुठे लपवावी?

मित्रांनो, लपंडाव आपण सगळेच खेळतो. पण लपणारा मुलगा नसून एक डबी असेल तर? आणि शोधणाऱ्याने धप्पा न म्हणता डबीतल्या वहीत आपले नाव लिहायचे असेल तर? असा एक खेळ आहे. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. नाव अवघड आहे म्हणून आमचा वर्ग त्याला 'डबीचा खेळ' म्हणतो. या खेळात डबी शोधायला मजा येते, पण खरे अवघड काम लपवणाऱ्याचे असते. मी माझी पहिली डबी चुकीच्या जागी लपवली आणि त्याची शिक्षा माझ्या धाकट्या बहिणीला झाली. तशी चूक तुम्ही करू नये म्हणून हा लेख लिहीत आहे.

हा खेळ कोठून आला?

जुलै महिन्यात गुरुजी नकाशाचा धडा शिकवत होते. अक्षांश, रेखांश आम्हाला काही कळेनात. तेव्हा गुरुजींनी ही गोष्ट सांगितली.

आकाशात जीपीएसचे उपग्रह फिरतात. ते जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचावर असतात. त्यांच्यात फार अचूक घड्याळे असतात. उपग्रह सतत सांगत असतो, 'मी इथे आहे आणि आता इतके वाजले.' तो निरोप मोबाईलपर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून मोबाईल अंतर काढतो. असे चार उपग्रह मिळाले की आपण कुठे उभे आहोत ते कळते. ही व्यवस्था अमेरिकेची आहे. पूर्वी तिथले सरकार सामान्य लोकांना मुद्दाम थोडी चुकीची जागा दाखवत असे. मे २००० मध्ये त्यांनी ते बंद केले. मग काय! लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ऑरेगॉन राज्यात रानात एक बादली ठेवली. तीत वही, पेन्सिल आणि काही वस्तू होत्या. जागेचे आकडे त्याने सगळ्यांना कळवले. तीन दिवसांच्या आत लोकांनी ती बादली शोधलीसुद्धा! आता जगभर असे डबे लपवलेले आहेत.

आपल्या भारताचीही 'नाविक' नावाची व्यवस्था आहे. तिचा पहिला उपग्रह इस्रोने २०१३ साली सोडला.

आकड्यांची शेपटी

लातूरचा अक्षांश साधारण १८.४ आणि रेखांश ७६.६ आहे. नांदेडचा अक्षांश १९.२ आणि रेखांश ७७.३ आहे. म्हणजे नांदेड लातूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला आहे, हे नकाशा न बघता कळते. आमचे गाव दोन्हींच्या मध्ये आहे, म्हणून आमचे आकडेही मधलेच येतात.

एक अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. टिंबानंतर एक आकडा लिहिला तर ११ किलोमीटर. एवढ्यात तर पाचसहा गावे येतील! तीन आकडे लिहिले तर १११ मीटर, म्हणजे एखादे शेत. पाच आकडे लिहिले तर एक मीटर, म्हणजे माझे दोन हात. शेपटी जितकी लांब तितकी जागा नेमकी. पण मोबाईल स्वतःच चारपाच मीटर इकडे तिकडे चुकतो. दाट झाडाखाली किंवा भिंतीजवळ तर जास्तच चुकतो. म्हणून डबीची जागा आकड्यांवर सोडून चालत नाही. सोबत एक खूण सांगावी लागते.

माझी चूक

ऑगस्टमध्ये गुरुजी म्हणाले, "ज्याला डबी लपवायची असेल त्याने आधी मला जागा दाखवावी." मला वाटले, दाखवली तर मजा जाईल. मी कुणालाच सांगितले नाही. आमराईला जुन्या दगडांची पौळ आहे. तिच्यात खालच्या बाजूला एक सांद होती. मी डबी तिच्यात सरकवली. बाहेरून काहीच दिसत नव्हते. मला वाटले, माझ्यासारखा हुशार मीच.

माझी बहीण दुसरीत आहे. ती माझ्या मागे मागे आली होती ते मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एकटीच गेली आणि तिने सांदीत हात घातला. तिला विंचू चावला.

ती रडत घरी आली. थोड्या वेळाने तिला दरदरून घाम सुटला आणि हातपाय गार पडले. शेजारचे म्हणाले, विंचू उतरवणाऱ्याला बोलवा. आजीही घाबरली होती. पण पप्पा म्हणाले, "उतरवाउतरवी काही नाही, आधी दवाखाना." त्यांनी तिला मोटारसायकलवर मध्ये बसवले, मागे आई. मी दारात उभा होतो. मला कुणीच रागावले नाही. त्याने मला जास्त रडू आले.

डॉक्टरांनी तिला लगेच औषध दिले आणि एक रात्र ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि पहिले काय विचारले असेल? "दादा, डबीत काय होतं रे?"

गुरुजींनी नंतर आम्हाला डॉ. हिंमतराव बावस्कर यांची माहिती सांगितली. ते आपल्या मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. त्यांनी कोकणात महाडला दवाखाना चालवला. तिकडे लाल विंचवाने पुष्कळ माणसे मरत. प्राझोसिन नावाच्या औषधाने ती वाचतात हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेवर मिळाले तरच उपयोग. म्हणून पालकांनो, विंचू किंवा साप चावला तर मंत्र म्हणत बसू नका. १०८ नंबरला फोन करा आणि दवाखाना गाठा.

जागा निवडताना

मग आम्ही वर्गात बसून सगळ्यांनी सुचवलेल्या जागा फळ्यावर लिहिल्या. एकेक जागा तपासली. त्यातून हे नियम निघाले.

१) जिथे न दिसता हात घालावा लागतो ती जागा नको. दगडाची सांद, बीळ, वारूळ, कडब्याची गंजी, सरपण यांत विंचू आणि साप असतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे विषारी साप आहेत. हात घालण्याआधी डोळ्यांना डबी दिसली पाहिजे.

२) विहिरीजवळ, बारवेत, शेततळ्याच्या काठावर, विजेच्या खांबावर किंवा मोठ्या रस्त्याच्या कडेला नको. शोधणाऱ्याचे लक्ष डबीकडे असते, पायाकडे नसते.

३) पडक्या वाड्यात नको. एका मित्राने ही जागा सुचवली तेव्हा सगळ्यांना आवडली होती. पण मी आजीला विचारले. आजीचे माहेर किल्लारीच्या बाजूचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे भूकंप झाला. माणसे गणपती विसर्जन करून झोपली होती. दगडामातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड माती अंगावर पडून हजारो माणसे गेली. आजी म्हणाली, "भूकंप एक मिनिटभर सुद्धा नव्हता लेकरा. माणसं भिंतीनं मारली. पडकी भिंत बघितली की लांबून जायचं." ती जागा आम्ही पुसून टाकली.

४) जमीन उकरायची नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला मोठमोठ्या भेगा पडतात. मे महिन्यात आमचा चेंडू एका भेगेत गेला तो मृगाचा पाऊस पडून गेला तरी वर आला नाही. पुरलेल्या डबीचेही तेच होईल. आणि दुसरे कारण असे की उकरलेली जागा बघून लोकांना गुप्तधन आठवते. मग रात्री येऊन कुणीही खणत बसेल. आजोबा म्हणतात, गुप्तधनाच्या नादाने लोक घरचेही घालवून बसले. शिवाय १८७८ सालचा कायदाच आहे की पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. खेळाच्या नियमातही डबा पुरायला बंदी आहे.

५) किल्ला, लेणी, जुने देऊळ, वीरगळ इथे नको. आम्ही सहलीला कंधारचा किल्ला बघितला आहे. तो राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा आहे. उदगीर, औसा इथेही किल्ले आहेत आणि औशाजवळ खरोश्याची लेणी आहेत. अशा जागा बघायला जावे, पण डबी शोधायच्या नादात एक दगड जरी हलला तरी तो परत बसवता येत नाही.

६) जागेच्या मालकाला विचारायचे. उभ्या सोयाबीनमधून दहा मुले गेली तर शेतकऱ्याचे नुकसान होते. डबीपर्यंत जायला पायवाट हवी.

७) दोन डब्या फार जवळ नकोत. मोठ्या खेळात निदान १६१ मीटर अंतर ठेवतात, नाहीतर एकाच्या आकड्यावर दुसऱ्याची डबी सापडेल.

८) जागा बघण्यासारखी हवी. हा नियम गुरुजींचा. ते म्हणाले, "डबी सापडली नाही तरी आल्यासारखं वाटलं पाहिजे."

दुसरी डबी

दिवाळीनंतर मी नवी जागा शोधली. काकांच्या शेताच्या बांधावर, पाणंदीच्या वळणावर एक मोठी चिंच आहे. तिच्या खोडाला माझ्या छातीइतक्या उंचीवर बेचके आहे. आत काय आहे ते दोन्ही बाजूंनी दिसते. तिथून ओढा दिसतो आणि संध्याकाळी बगळे घरी जाताना दिसतात.

मी तिथे उभा राहून बघत होतो तेवढ्यात काका आले. "इथं काय करूलालास रे?" मी सगळे सांगितले. काका म्हणाले, "ठेव की. पण हरभऱ्यातून चालायचं नाही, पाणंदीनंच यायचं. आणि झाडाला खिळा मारायचा नाही." मी कबूल केले. मग गुरुजींना नेऊन जागा दाखवली. या वेळी बहिणीलाही नेले. तिने आधी लांबून वाकून बघितले, मग म्हणाली, "इथं विंचू नाही."

डबी प्लास्टिकची घेतली, घट्ट झाकणाची. पत्र्याची गंजते. ती रात्रभर हौदात बुडवून वर दगड ठेवला. सकाळी आतला कागद कोरडा निघाला, म्हणजे डबी पास! आत छोटी वही आणि पेन्सिल ठेवली. पेन नाही, कारण शाई ओलीने पसरते. चार गोट्या, एक भोवरा आणि एक शिट्टी ठेवली. वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. खाऊ ठेवायचा नाही, मुंग्या आणि उंदीर येतात. उल्मरच्या पहिल्या बादलीत शेंगदाण्यांसारख्या कुठल्यातरी बियांचा, बीन्सचा, डबा होता. आता तसे चालत नाही. वर मोठ्या अक्षरात लिहिले, 'ही शाळेच्या खेळाची डबी आहे. यात पैसे नाहीत. बघा आणि परत ठेवा.' नाव लिहिले नाही तर कुणी घाबरेल किंवा कचरा म्हणून फेकून देईल. डबी सुतळीने बेचक्यात बांधली.

आकडे घेताना गुरुजींच्या मोबाईलची एक गंमत झाली. चिंचेखाली तीनदा आकडे घेतले तर तिन्ही वेगळे. म्हणून आम्ही वळणावरच्या मोकळ्या जागेत आकडे घेतले आणि पुढची खूण लिहिली: 'इथून ओढ्याकडे तोंड करून वीस पावले चाला. जिची सावली आंबट आहे तिला विचारा.'

पहिल्या दिवशी तिसरीची मुले बोरीकडे गेली. बोरही आंबट असते ना! पण वीस पावले मोजल्यावर त्यांना चिंच सापडली. आतापर्यंत वहीत २३ नावे झाली आहेत. एक नाव आजोबांचे आहे. ते काठी टेकत गेले आणि 'सापडली' असे लिहून आले. भोवरा कुणीतरी नेला आणि त्याच्या बदली एक लगोरीचा रबरी चेंडू ठेवला.

मी दर रविवारी जाऊन डबी बघून येतो. ज्याने लपवली त्यानेच तिची काळजी घ्यायची, हाही नियमच आहे. डबी फुटली किंवा कंटाळा आला तर ती उचलून आणायची, रानात सोडायची नाही.

मित्रांनो, आधी मला वाटायचे की कुणालाच सापडणार नाही ती जागा चांगली. आता मला वाटते, जिथे माझी बहीण एकटी गेली तरी हसत परत येईल ती जागा चांगली. तुम्हीही डबी लपवा, पण लपवण्याआधी स्वतःला विचारा, सगळ्यात लहान मूल इथे आले तर काय होईल?

आज प्रजासत्ताक दिनाला आलेल्या पालकांनीही जाता जाता चिंचेकडे एक चक्कर मारावी. आकडे फळ्यावर लिहिले आहेत. मात्र हरभऱ्यातून जाऊ नये!

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी
जि. प. प्राथमिक शाळा