रात्रीची टकटक आणि सशाची बाटली

मागच्या पंधरवड्यात आपल्या कार्यक्रमाला एका वहिनींचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "नातवाच्या हट्टापायी आठवडी बाजारातून दोन पांढरे ससे आणले. दिवसभर कापसाच्या गोळ्यासारखे पडून असतात, आणि घरात निजानीज झाली की यांचा दिवस उजाडतो. बाटलीची टकटक, जाळीचा खडखडाट, मधूनच धप्पकन पाय आपटणं. सकाळी सहाला मजुरीची गाडी दारात येते, झोप कधी घ्यायची? सासूबाई म्हणतात, रात्रीपुरती बाटली काढून ठेव, सकाळी लाव. तसं केलं तर चालेल का?"

फोनवर आम्ही एवढंच म्हणालो, की वहिनी, बाटली काढू नका, बाकीचं सविस्तर सांगतो. आता सांगतो. आमच्या गटानं स्वतः ससे पाळले आहेत आणि या बाटलीपायी आम्हाला चांगला धडाही मिळाला आहे.

आधी ससा रात्री का जागतो ते बघू. आपण पाळतो तो ससा मूळचा युरोपातला, जमिनीत बीळ करून राहणारा. दिवसा शिकारी पक्ष्यांच्या भीतीनं बिळात दडायचं आणि तिन्हीसांज झाली की चरायला बाहेर पडायचं, हा त्याचा नेम. पिंजऱ्यात जन्मला तरी तो नेम सुटत नाही. दिवेलागणीला आणि पहाटे तो सगळ्यात जास्त जागा असतो, आणि मधली रात्रही थोडं खा, थोडं पी, अशीच जाते. आपल्या शेतात ज्वारी काढताना उठून पळतो तो ससा वेगळा. तो बीळ करत नाही, उघड्यावर राहतो. त्याची पिल्लं पोरांनी घरी आणली तर ती बहुधा जगत नाहीत, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो पाळता येत नाही. सापडलं पिल्लू तर आहे तिथंच राहू द्या. आई जवळपासच असते.

तर पाळीव ससा रात्री खातो. खातो म्हणून पितो. कोरडा चारा, भरडा, कडब्याची पात पोटात गेली की तहान लागणारच. दोन-अडीच किलोचा ससा दिवसरात्र मिळून पाव लिटरच्या आसपास पाणी पितो, उन्हाळ्यात जास्त. पिल्लं पाजणारी मादी असेल तर लिटरभरही लागतं. सासूबाईंचं म्हणणं ऐकून रात्रीची बाटली काढली, तर त्याच्या जेवणाच्या वेळेलाच पाणी बंद झालं. पाणी नसलं की ससा खाणंही सोडतो. आणि सशाचं पोट असं आहे की ते रिकामं, थांबलेलं चालत नाही. बारा तास त्यानं काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ते दुखणं समजायचं आणि डॉक्टर गाठायचे.

आता ती बाटली. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी गटानं मिळून आठ माद्या आणि दोन नर घेतले. विकणाऱ्यानं पिंजरे दिले, बाटल्या दिल्या, पिल्लं परत विकत घेऊ असंही सांगितलं. पिल्लं न्यायला काही तो आला नाही, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी. बाटली कशी चालते, एवढंही त्यानं सांगितलं नव्हतं.

बाटली उलटी टांगलेली असते. तिच्या तोंडाला लोखंडी नळी आणि नळीच्या टोकाला एक छर्रा, सायकलच्या बेअरिंगमध्ये असतो तसला. वरून बाटली बंद, त्यामुळे आत हवा शिरत नाही आणि पाणी आपोआप सांडत नाही. ससा जिभेनं छर्रा आत ढकलतो, तेव्हा थोडं पाणी बाहेर येतं आणि तेवढी जागा भरायला हवेचा बुडबुडा वर चढतो. म्हणून नीट चालणाऱ्या बाटलीचे दोन आवाज असतात. छर्रा नळीवर आपटतो ती टकटक, आणि बुडबुडा वर जातो ती गुडगुड. आम्हाला हे ठाऊक नव्हतं.

आमचे पिंजरे एका मावशींच्या पडवीत होते. चैत्राचे दिवस होते. एका मादीला सात पिल्लं झाली होती, पाच दिवसांची, अजून डोळेही न उघडलेली. त्या मादीनं रात्री बाटली बडवायला सुरुवात केली. टकटक टकटक, थांबायचं नाव नाही. मावशींची लेक दहावीला होती, तिचे शेवटचे दोन पेपर राहिले होते. मावशी दोनदा उठल्या, टॉर्च मारून बघितलं, बाटली काठोकाठ भरलेली. "पाणी आहे की गं ढीगभर, मग का छळतीस?" म्हणून पिंजऱ्यावर पोतं टाकून त्या झोपल्या. दुसऱ्या रात्रीही तेच. सकाळी भरडा तसाच पडलेला, मादी कान पाडून कोपऱ्यात बसलेली, आणि घरट्यात पिल्लांची पोटं पाठीला लागलेली.

आमच्यातली एकजण नळीला बोट लावून बघायला गेली, तर छर्रा हलेना. आमचं बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा क्षार नळीत बसून छर्रा घट्ट झाला होता. बाटली भरलेली होती, कारण दोन दिवसांत तिच्यातला थेंबही खाली आला नव्हता! आमच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. दोन दिवस भरावी न लागलेली बाटली ही काही आनंदाची गोष्ट नव्हे. आदल्या संध्याकाळी टाकलेल्या ओल्या घासावर मादी तगली. मातीच्या कुंडीत पाणी ठेवलं तर तोंड वर न काढता पीत राहिली. सातातली तीन पिल्लं वाचली. मावशी अजून म्हणतात, ती मला हाका मारत होती आणि मी तिच्यावर पोतं टाकलं.

म्हणून बायांनो, आवाज बंद करायच्या आधी तो ऐका. टकटक आणि गुडगुड दोन्ही येत असेल, थोडा वेळ येऊन थांबत असेल, तर ससा पाणी पितोय, काळजी नाही. नुसतीच टकटक, लांबलचक आणि गुडगुड नाही, तर अंथरुणातून उठा आणि छर्र्याला बोट लावून बघा. बोट ओलं झालं पाहिजे. आम्ही आता हे रोज दिवे लावताना करतो, सगळ्या बाटल्यांना बोट लावत जातो. आठवड्यातून एकदा बाटली काढून ब्रशनं आतलं शेवाळ घासायचं आणि नळी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवायची. क्षार सुटतो. मग स्वच्छ पाण्यानं धुवायची.

बाटली नीट चालत असूनही आवाज फार येत असेल, तर तो बहुतेक वेळा छर्र्याचा नसतोच, बाटली जाळीवर आपटत असते. ती तारेनं सैल टांगलेली असते, ससा तोंड लावतो तसतशी डुलते आणि पत्रा-जाळी वाजते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापा. एक पट्टी बाटलीच्या मागे, बाटली आणि जाळीच्या मध्ये, आणि दुसरीनं बाटली करकचून बांधा. मात्र हे सगळं पिंजऱ्याच्या बाहेरच्या अंगाला. आत रबर दिसलं की ससा ते कुरतडून गिळतो. नळी जिथून आत जाते तिथली जाळीची घरं थोडी मोठी करा, म्हणजे नळी तारेला घासणार नाही.

थेंब थेंब गळत असेल तर झाकण आवळा, आतली वायसर बघा. अर्धी रिकामी बाटली उन्हात तापली की आतली हवा फुगते आणि पाणी खाली ढकलते, त्यानंही गळती होते. म्हणून बाटली सावलीत आणि शक्यतो भरलेली ठेवावी. गळतीकडे काणाडोळा करू नका, ओल्या जागी बसून सशांच्या पायाला जखमा होतात.

छर्राच नको असेल तर जड मातीची पसरट कुंडी ठेवा. आवाज अजिबात नाही, आणि सशाला तसं पिणं सोपंही जातं. पण कुंडीत लेंड्या पडतात, पाणी दोनदा बदलावं लागतं, आणि बारकी पिल्लं असतील तर ती पडून बुडू शकतात. आम्ही पाजणाऱ्या मादीला बाटली आणि उथळ कुंडी दोन्ही देतो, पिल्लं घरट्याबाहेर यायला लागली की कुंडी काढतो.

बाकीच्या आवाजांचं थोडक्यात. जाळी कुरतडतो कारण त्याचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला काहीतरी लागतं. तुतीची नाहीतर शेवग्याची फांदी, कडब्याचं धाट आत टाका. कण्हेर, रुई चुकूनही नको. दिवसाच्या चाऱ्यातला मोठा वाटा सकाळी न देता दिवेलागणीला द्या, म्हणजे मध्यरात्री रिकामं भांडं तो पालथं करत बसणार नाही. पिंजऱ्याचे पाय टायरच्या तुकड्यांवर ठेवा, खालच्या पत्र्याच्या ताटात राख किंवा भुसा पसरा, नाहीतर प्रत्येक लेंडी वाजते. दोन नर एका पिंजऱ्यात ठेवू नका, आणि नराचा पिंजरा मादीच्या शेजारी लावू नका, तो रात्रभर येरझाऱ्या घालतो आणि पाय आपटतो. (हे बैठकीत सांगितलं तेव्हा बराच वेळ हशा चालला होता.)

पण पाय आपटण्याचं एक कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ससा सहसा ओरडत नाही, मागचा पाय जोरात आपटून इशारा देतो. मांजर, मुंगूस, साप, भटकं कुत्रं जवळ आलं की एक ससा धप्प करतो आणि बाकीचे जागच्या जागी थिजतात. असा आवाज आला तर टॉर्च घेऊन, आधी स्वतःच्या पायाखाली बघत, पिंजऱ्यापाशी जा. आमच्याकडे दोनदा मुंगूस निघालं.

आता वहिनी, तुमच्या घराचं. ससे नातवाचे आहेत, दोनच आहेत. पिंजरा झोपायच्या खोलीतून काढून पडवीत भिंतीकडेला घ्या, वर पोत्याचा आडोसा करा, पण वारा खेळू द्या. जाळी मजबूत आणि कडी पक्की असली पाहिजे. संध्याकाळी तासभर नातवाला दार लावून त्यांना घरात मोकळं सोडू दे, अंग मोकळं झालं की रात्रीची धडपड कमी होते. आणि रात्री बाटलीला बोट लावायचं काम सासूबाईंकडे द्या. त्यांचीच झोप हलकी आहे, टकटक आणि गुडगुड त्यांना सगळ्यात आधी ओळखू येईल.