विश्लेषण : शिक्षकांनी बनवलेले साहित्य हरवते कुठे? मुक्त शैक्षणिक व्यासपीठासाठी काय लागते?

पाचवीच्या अपूर्णांकांवर रात्री जागून बनवलेली स्वाध्यायपत्रिका शिक्षक आपल्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. दोन दिवसांत ती शेजारच्या तालुक्यात पोहोचते, आठवडाभरात दुसऱ्या जिल्ह्यात. फिरून परत येते तेव्हा खाली भलत्याचेच नाव असते आणि तिसऱ्या उदाहरणातली चूक मात्र तशीच राहिलेली असते. पुढच्या वर्षी जूनमध्ये तीच पत्रिका हवी असते तेव्हा ती कुठल्या गटावर आली होती हेच कुणाला आठवत नाही. राज्यातील हजारो शिक्षक साहित्य बनवतात आणि मोकळ्या हाताने वाटतात. तरीही ते साठत नाही आणि सुधारतही नाही. शिक्षकांनी मुक्त शैक्षणिक साहित्य एकमेकांना द्यावे यासाठी जगभर अनेक व्यासपीठे उभी राहिली. त्यांतील काही रुजली, काही बंद पडली. असे का झाले, याचा हा आढावा.

‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ म्हणजे काय?

इंटरनेटवर फुकट मिळते ते सारे ‘मुक्त’ असते, हा सर्वांत मोठा गैरसमज. पीडीएफ फुकट उतरवता आली, तरी तिच्यात बदल करून ती पुन्हा वाटण्याचा हक्क मिळतोच असे नाही. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील एका बैठकीत रूढ झाली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतील एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली होती. पुढे २०१२ मध्ये पॅरिस जाहीरनामा आला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सदस्य देशांनी याविषयीची शिफारस स्वीकारली.

अमेरिकी अभ्यासक डेव्हिड वायली यांनी यासाठी पाच हक्कांची कसोटी मांडली. साहित्य स्वतःजवळ ठेवता यावे, वापरता यावे, बदलता यावे, दुसऱ्या साहित्यात मिसळता यावे आणि पुन्हा वाटता यावे. शिक्षकाच्या दृष्टीने यातला ‘बदलता यावे’ हा हक्क कळीचा. कोकणातल्या शाळेसाठी लिहिलेला भातशेतीचा उतारा मराठवाड्यातल्या वर्गात नेताना तिथे ज्वारी आणावी लागते. हे करण्याची मुभा नसेल, तर साहित्य नुसते पाहण्यापुरते उरते.

व्हॉट्सॲप असताना वेगळे व्यासपीठ कशाला?

व्हॉट्सॲप निरोपासाठी उत्तम, पण साठवणीसाठी नाही. तिथे इयत्ता, विषय, घटक यांनुसार शोध घेता येत नाही. मूळ कर्ता कोण, हे दुसऱ्या-तिसऱ्या फॉरवर्डनंतर पुसले जाते. चूक सापडली तरी आधी वाटल्या गेलेल्या शेकडो प्रती दुरुस्त होत नाहीत. शिवाय बहुतेक साहित्य फोटो किंवा पीडीएफ स्वरूपात येते. त्यातले एक वाक्य बदलायचे, तरी सगळे पुन्हा टाइप करावे लागते.

याउलट, शिक्षकांसाठीच्या व्यासपीठावर प्रत्येक साहित्याला एक कायमचा पत्ता असतो. त्याच्याखाली वर्गात ते कसे चालले याचे अनुभव लिहिता येतात. कुणी त्यात बदल केला, तर नवी आवृत्ती मूळ आवृत्तीशी जोडलेली राहते. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेले ‘ओईआर कॉमन्स’ याच विचाराचे. तिथे विषयानुसार शोध तर आहेच, शिवाय शिक्षकांना गट करता येतात आणि दुसऱ्याचा पाठ घेऊन आपला पाठ रचता येतो.

भारतात काय प्रयत्न झाले?

ऑगस्ट २०१३ मध्ये ‘नॅशनल रिपॉझिटरी ऑफ ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस’ म्हणजेच ‘एनआरओईआर’ सुरू झाले. एनसीईआरटीच्या या प्रकल्पाला तांत्रिक आधार मिळाला तो मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील गटाचा. साहित्य बदलून वापरता यावे, म्हणून तिथे सुरुवातीपासून खुला परवाना ठेवला गेला.

५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ आले. त्याच्यामागची ‘सनबर्ड’ ही संगणक प्रणाली एकस्टेप फाउंडेशनने विकसित केली असून ती स्वतःही खुल्या परवान्याखाली आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की त्या धड्याचे साहित्य उघडते, ही ‘दीक्षा’ची सर्वांत परिचित ओळख. महाराष्ट्राचा या कल्पनेशी जवळचा संबंध आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला होता. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. एका शिक्षकाची कल्पना राज्यभर कशी पसरू शकते, याचे हे ठळक उदाहरण.

एप्रिल २०२० मध्ये ‘विद्यादान’ उपक्रमातून शिक्षक, तज्ज्ञ आणि संस्थांना ‘दीक्षा’साठी साहित्य देण्याची सोय झाली. तरीही ‘दीक्षा’ची मूळ घडण वरून खाली साहित्य पोहोचवण्याची आहे. पाहणाऱ्यांची संख्या तिथे प्रचंड आहे. मात्र एका शिक्षकाने दुसऱ्याचा पाठ उघडावा, त्यातली दोन उदाहरणे बदलावीत आणि ‘माझ्या वर्गात हे असे चालले’ म्हणून परत ठेवावा, ही देवाणघेवाण तिच्या केंद्रस्थानी नाही.

मग देवाणघेवाण जमली कुठे?

शेजारच्या कर्नाटकात. बेंगळूरुच्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेने राज्याच्या शिक्षण विभागासोबत सरकारी माध्यमिक शाळांतील शिक्षकांचे विषयवार गट बांधले. शिक्षकांना आधी संगणक आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरायला शिकवले, ई-मेल गटांवर विषयाची चर्चा सुरू केली आणि त्यानंतर ‘कर्नाटक मुक्त शैक्षणिक संसाधने’ हा विकी उभा राहिला. विकिपीडियासारखीच त्याची रचना. कन्नडमधील पान शिक्षक स्वतः लिहितात, दुसरा ते सुधारतो आणि कुणी काय बदलले याची नोंद राहते. इथला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. माणसे आधी जोडली गेली, संकेतस्थळ नंतर आले.

दुसरे उदाहरण प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’चे. सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावर मुलांच्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. कुणीही त्या उतरवू शकतो, छापू शकतो, दुसऱ्या भाषेत नेऊ शकतो किंवा लहान मुलांसाठी सोप्या करू शकतो. प्रत्येक नव्या आवृत्तीवर मूळ लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावे आपोआप येतात. आज तिथे ३०० हून अधिक भाषांत गोष्टी आहेत. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा नंदुरबारमध्ये पावरी बोलणाऱ्या मुलांना पहिलीत मराठी पुस्तक हाती घ्यावे लागते. त्यांच्या शिक्षकांसाठी, एखादी मराठी गोष्ट घेऊन ती मुलांच्या भाषेत नेण्याची परवानगी मोलाची आहे. बाजारात अशी पुस्तके जवळपास मिळतच नाहीत.

परवाना कोणता निवडावा?

मुक्त साहित्यासाठी सर्वाधिक वापरले जातात ते क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने. पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. आज मुख्य सहा प्रकार असून ते चार अटींच्या जुळणीतून बनतात. पहिली अट, श्रेय द्या. दुसरी, बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली खुली ठेवा. तिसरी, व्यापारी वापर नको. चौथी, बदल नको. श्रेयाची अट सहाही प्रकारांत आहे.

‘खासगी क्लासवाले आपले साहित्य छापून विकतील’ ही शिक्षकांची नेहमीची भीती. त्यामुळे बरेच जण व्यापारी वापराला मनाई करणारा परवाना घेतात. त्याची दुसरी बाजू अशी, की व्यापारी वापर नेमका कोणता, याची रेषा धूसर आहे. स्वस्तात पुस्तिका छापून देणारा प्रकाशकही मग बिचकतो. श्रेय आणि ‘त्याच परवान्याखाली खुले ठेवा’ या दोन अटींचा परवाना हा मधला मार्ग. क्लासने साहित्य छापले तरी त्याला मूळ नाव द्यावे लागते आणि केलेल्या सुधारणाही खुल्या ठेवाव्या लागतात. ‘बदल नको’ ही अट लावली, तर मात्र साहित्य फुकट राहते, पण वर सांगितलेल्या अर्थाने मुक्त राहत नाही.

परवाना म्हणजे हक्क सोडून देणे नव्हे, हेही समजून घ्यायला हवे. मालकी कर्त्याकडेच राहते आणि वापराची मुभा सर्वांना मिळते. पण एकदा दिलेली मुभा, ज्यांनी साहित्य घेतले आहे त्यांच्याकडून परत घेता येत नाही.

नोकरीत असताना बनवलेल्या साहित्याची मालकी कुणाची?

इथे खरी गुंतागुंत आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे नियोक्त्याकडे जाते. शिक्षकाचे नेमून दिलेले काम शिकवण्याचे. मग रविवारी घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर बनवलेला व्हिडीओ त्या कामाचा भाग की स्वतंत्र निर्मिती, यावर वाद होऊ शकतो. शिक्षकांनी बनवलेले साहित्य त्यांच्या नावाने खुल्या परवान्याखाली देता येईल, असे एका साध्या परिपत्रकाने स्पष्ट केले, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

दुसरी बाजू इतरांच्या साहित्याची. कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात प्रती काढण्याची सवलत आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या गाजलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा व्यापक अर्थ लावला. मात्र वर्गासाठी मिळालेली ही सवलत, तेच साहित्य जगाला खुले करण्यासाठी पुरेल असे गृहीत धरता येत नाही. गूगलवरून उचललेले चित्र वर्गात दाखवणे आणि ते खुल्या परवान्याच्या पाठात घालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांचे चेहरे दिसणाऱ्या फोटो-व्हिडीओंबाबतही तसेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. व्यासपीठाने साहित्य स्वीकारतानाच याबाबत विचारणा केली पाहिजे.

मराठीपुढच्या खास अडचणी कोणत्या?

पहिली अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या स्वाध्यायपत्रिका आणि प्रश्नसंच शाळांच्या संगणकांत पडून आहेत. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या, की अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसतात आणि शोधात तर त्या कधीच सापडत नाहीत. असे साहित्य युनिकोडमध्ये आणणे, हे मराठी व्यासपीठाचे पहिले काम ठरेल.

दुसरी अडचण नावनिशीची. ‘छान व्हिडीओ’ किंवा ‘नवीन फाइल २’ अशा नावाने ठेवलेले साहित्य असून नसल्यासारखे. इयत्ता, विषय, घटक आणि अध्ययन निष्पत्ती या चार नोंदी असल्या, तरच दुसऱ्या शिक्षकाला ते मिळते. त्यातही तोच घटक कुणी ‘अपूर्णांक’ लिहितो, कुणी ‘फ्रॅक्शन’. म्हणून मोकळ्या रकान्याऐवजी तयार यादीतून निवड करू देणे सोपे पडते. ग्रामीण भागात नेटवर्क आणि फोन दोन्ही मर्यादित असतात. त्यामुळे साहित्य लहान आकारात उतरवून, नंतर नेटशिवाय वापरता येणेही गरजेचे.

व्यासपीठच बंद पडले तर?

ही भीती काल्पनिक नाही. २००८ मध्ये सुरू झालेले ‘एडमोडो’ हे शिक्षकांचे फेसबुक म्हणून जगभर वापरले गेले. २२ सप्टेंबर २०२२ रोजी ते बंद झाले. शिक्षकांत लोकप्रिय असलेले ‘विकीस्पेसेस’ त्याआधी, २०१८ मध्ये, बंद पडले होते. अशा वेळी ज्यांनी आपले साहित्य वेळीच उतरवून घेतले, त्यांचेच उरते. म्हणून साहित्य बदलता येण्याजोग्या स्वरूपात कधीही बाहेर नेता येणे, प्रणाली खुली असणे आणि दुसऱ्या संस्थेकडे पूर्ण प्रत असणे, या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. खुल्या परवान्याचा इथे आणखी एक फायदा होतो. व्यासपीठ गेले, तरी साहित्य दुसरीकडे ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

शिक्षक साहित्य देतील का?

देतील, कारण आजही देतच आहेत. त्यांना हवे असते ते आपले नाव टिकणे आणि आपले काम कुणाच्या उपयोगी पडले हे कळणे. ‘तुमची पत्रिका अमुक शाळेत वापरली, चौथे उदाहरण मुलांना जड गेले’ ही एक ओळ, पाहणाऱ्यांच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाची. साहित्य देणे हा सक्तीचा ऑनलाइन अहवाल झाला, तर मात्र अशैक्षणिक कामांच्या यादीत आणखी एकाची भर पडेल आणि आकडे फुगवण्यासाठी निकृष्ट साहित्याचा ढीग लागेल.

यासाठी नव्या बैठकांची गरज नाही. केंद्रातील शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतातच. तिथे एखाद्या शिक्षकाची एक पत्रिका सर्वांनी मिळून तपासावी, चुका काढाव्यात, नावासह आणि परवान्यासह ती खुली करावी. अपूर्णांकांची ती पत्रिका मग पुढच्या जूनमध्ये शोधली की सापडेल, खाली बनवणाऱ्याचे नाव असेल आणि तिसरे उदाहरण दुरुस्त झालेले असेल.