ट्रायलमध्ये न सापडणारा ब्रेकचा बिघाड

घाट उतरताना ब्रेकचे पेडल अचानक मऊ पडते. पाय नेहमीपेक्षा खोल जातो आणि गाडी कशीबशी थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गॅरेज गाठतो. फोरमन कोपऱ्यापर्यंत ट्रायल मारून येतो आणि सांगतो, ‘‘ब्रेक एकदम ओके आहेत साहेब. पॅडपण आहेत अजून.’’ काही मालक आपल्यालाच भास झाला असे समजून परततात, तर काही नवे पॅड टाकून घेतात. पुढच्या घाटात पेडल पुन्हा खाली जाते.

गाडी बाळगणाऱ्या अनेकांना हा अनुभव आलेला असतो. यात मालक खोटे सांगत नसतो आणि बहुतेक वेळा फोरमनही फसवत नसतो. ब्रेकचे कित्येक बिघाड ठरावीक तापमानाला, ठरावीक दाबाखाली किंवा ठरावीक रस्त्यावरच उघड होतात. गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती परिस्थिती ओसरलेली असते आणि तिच्यासोबत लक्षणही गेलेले असते. म्हणून ‘ब्रेक नीट लागत नाही’ एवढ्या तक्रारीवर योग्य दुरुस्ती होणे अवघड असते. ब्रेक कधी, कुठे आणि कसा लागला नाही, हे सांगता आले तर निम्मे निदान तिथेच होते. त्यासाठी पेडलच्या मागे काय घडते ते थोडे समजून घ्यायला हवे.

वेगाची उष्णता होते

ब्रेकचे काम म्हणजे गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. १,२०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे ४,६०,००० ज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबवायची तर यातला बहुतेक भाग ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन उतरतो. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते.

घाटात हिशेब आणखी मोठा होतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून थोडे उंच आहे आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी. एखादी गाडी पाचशे मीटर उंची उतरते तेव्हा तिची सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ताशी १०० किलोमीटर वेगातून जवळजवळ तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. तेवढ्या उष्णतेत साधारण १७ लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण काही वाटा उचलतात. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिनही मोठा वाटा उचलते. उरलेले सगळे चार चाकांच्या ब्रेकवर येते.

ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम या हिशेबातूनच आला आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनचा वाटा शून्य होतो. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचते हा समजही आजच्या गाड्यांना लागू पडत नाही. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की फ्युएल इंजेक्शनची गाडी उतारावर इंधन तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. इंजिनच बंद करणे तर याहून धोक्याचे. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. त्याच्या चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते.

ब्रेक ऑइल उकळते तेव्हा

पेडलवरचा पायाचा जोर चाकापर्यंत नेण्याचे काम एक द्रव करतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कल यांचा सतराव्या शतकातला सिद्धान्त त्यामागे आहे. द्रव दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, म्हणूनच ही यंत्रणा चालते. वाफ मात्र सहज आकसते. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पेडलची सगळी हालचाल ते दाबण्यातच खर्च होते आणि पॅड डिस्कवर जोराने आवळले जात नाहीत.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खनिज तेल नसते. बहुतेक मोटारींत ते ग्लायकॉल इथरवर आधारलेले असते आणि हवेतली आर्द्रता शोषून घेते. टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही पाण्याचा अंश हळूहळू आत जातो. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावे, असे मानक सांगते. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ ची मर्यादा २३० वरून १५५ अंशांवर उतरते. कोकणातला किंवा मुंबईतला दमट पावसाळा या घसरणीला वेग देतो. शहरात हे लक्षात येत नाही, कारण तिथे ब्रेक इतके तापतच नाहीत. घाटात डिस्कचे तापमान काहीशे अंशांवर जाऊ शकते आणि ती उष्णता पॅडमधून, ते आवळणाऱ्या कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत झिरपते.

घाट उतरून लगेच थांबलो तर धोका टळतो असेही नाही. गाडी चालू असताना वारा डिस्कला थंड करत असतो. गाडी चहासाठी उभी राहिली की वारा थांबतो, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता ऑइलकडे जात राहते. पाय पेडलवर नसल्याने नळीतला दाबही कमी असतो आणि वाफ व्हायला ते पोषकच ठरते. म्हणून घाटात बरे वागलेले ब्रेक चहानंतर पहिल्या वळणावर दगा देऊ शकतात. तासाभराने वाफ पुन्हा द्रव होते आणि पेडल पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशीच्या ट्रायलमध्ये फोरमनला काही सापडत नाही ते यामुळेच. नवे पॅड टाकूनही हा दोष जात नाही. जुने ऑइल पूर्ण काढून, योग्य प्रतीचे नवे भरून आणि हवा काढूनच तो जातो. अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात, तरी सर्व्हिसिंगमध्ये नुसती पातळी पाहून ते तसेच ठेवले जाते. ऑइलमधला पाण्याचा अंश किंवा त्याचा उत्कलनबिंदू मोजणारी छोटी उपकरणे मिळतात. चांगल्या गॅरेजमध्ये तशी तपासणी मागून घ्यावी.

पेडल कडक, तरी गाडी थांबेना

पॅडही तापतात. पॅडमधले घटक राळेसारख्या पदार्थाने बांधलेले असतात. तापमान फार वाढले की तो पदार्थ विघटित होऊन वायू सोडतो आणि घर्षण घटते. अशा वेळी पेडल मऊ होत नाही, ते जागच्या जागी घट्ट असते, पण गाडीचा वेग हवा तसा उतरत नाही. जोडीला जळका वास येतो. ऑइल उकळणे आणि पॅड तापणे या दोन बिघाडांत पायाला जाणवणारा हा फरक फार मोलाचा आहे, कारण दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे.

थंड ब्रेकवरही पेडल नेहमीच कडक लागत असेल, तर संशय बूस्टरकडे जातो. बहुतेक पेट्रोल मोटारींत इंजिनच्या निर्वाताच्या मदतीने बूस्टर पायाचा जोर वाढवतो. त्याची तपासणी घरीही होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे साठलेला निर्वात संपतो आणि पेडल कडक होते. मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडे खाली सरकते.

पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी सील झिजले तर लक्षण उलट दिसते. सिग्नलला पेडलवर हलका पाय ठेवला, की ते हळूहळू तळाकडे जाते. बाहेर कुठेही गळती नसते आणि टाकीतली पातळीही तेवढीच असते. अनुभवी मेकॅनिकही इथे चकतो, कारण तो तपासताना पेडल जोरात दाबतो. जोराच्या दाबाने सीलची कड फुगून भिंतीला घट्ट चिकटते आणि पेडल टिकते. हलक्या दाबाला मात्र तेच सील ऑइल मागे जाऊ देते. तपासणीही हलक्या पायानेच करायला हवी.

टाकीतली पातळी उतरत असेल तर वरून ऑइल टाकून विषय मिटवू नये. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि पातळी थोडी खाली येते. म्हणजे एक तर पॅड संपत आले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा यातलेच काहीतरी सांगत असतो.

दुरुस्तीनंतर उगवणारी थरथर

वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते, ही आणखी एक नेहमीची तक्रार. ‘डिस्क वाकली’ असे निदान होते आणि डिस्क लेथवर जाते किंवा बदलली जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरकही हातांना जाणवतो. त्याची सुरुवात पुष्कळदा मागच्या दुरुस्तीत झालेली असते. हबवरचा गंज न घासता नवी डिस्क बसवली किंवा चाकाचे नट असमान आवळले, की डिस्क किंचित तिरकी फिरते. ब्रेक लावलेला नसतानाही तिचा एकच भाग प्रत्येक फेरीत पॅडला घासून पातळ होत जातो. त्यामुळे गॅरेजमधून निघताना गाडी उत्तम चालते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. तेव्हा मागच्या कामाशी तिचा संबंध जोडायचे कुणाला सुचत नाही. नवी डिस्क टाकताना हब साफ केला का आणि नट टॉर्क रेंचने आवळले का, हे विचारणे मालकाच्या हातात आहे.

काही लक्षणे निरोगी ब्रेकचीही असतात. पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी गंजाचा नारिंगी थर दिसतो आणि पहिल्या काही ब्रेकला तो खरखरत निघून जातो. जोराने ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडते, ते चाके जाम होऊ न देणारे एबीएस काम करत असल्याची खूण असते. घाबरून पाय उचलू नये, तसाच दाबून ठेवावा.

तक्रारींचे वजन

क्वचितच घडणारा बिघाड मालकांच्या एकत्रित सांगण्यातून कसा सिद्ध होतो, याचे ठळक उदाहरण २०१० सालचे आहे. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीचे मालक अमेरिकेत आणि जपानमध्ये सांगत होते, की खड्ड्यावरून किंवा निसरड्या जागेवरून जाताना ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो. गुळगुळीत रस्त्यावर हे लक्षण दिसण्याचे कारणच नव्हते. या गाडीत एक ब्रेकिंग मोटरद्वारे आणि दुसरे पॅडद्वारे होते. एबीएस जागे होताना या दोन्हींच्या देवाणघेवाणीत निमिषभराची उणीव राहत होती. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने १२४ तक्रारींच्या आधारे चौकशी सुरू केली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कंपनीने जगभरातल्या सुमारे ४,३७,००० हायब्रिड गाड्या परत बोलावून एबीएसचे सॉफ्टवेअर बदलले. एकेकट्या मालकाची तक्रार भास म्हणून सोडून देता आली असती. रस्ता, वेग आणि क्षण यांचे वर्णन शेकडोंकडून सारखेच आले, तेव्हा तो पुरावा झाला.

भारतातही गाड्या परत बोलावल्या जातात. मारुती सुझुकीने ऑक्टोबर २०२२ मध्ये वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस या मॉडेलच्या ९,९२५ गाड्या मागील ब्रेकच्या एका पिनमधल्या संभाव्य दोषासाठी बोलावल्या होत्या. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात. एखाद्या मॉडेलबद्दल विक्रीच्या ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या की चौकशी होते. म्हणजे गॅरेजच्या काउंटरवर तोंडी सांगून विरलेली तक्रार या मोजणीत येतच नाही.

जॉब कार्डवर काय लिहावे

‘ब्रेक चेक करणे’ एवढेच जॉब कार्डवर लिहू देऊ नका. ब्रेक थंड होते की तापलेले, गाडी उतारावर होती की सपाटीवर, पेडल मऊ होते की कडक, एका दाबात तळाला गेले की हळूहळू, भराभर दाबल्यावर ते वर आले का, गाडी एका बाजूला ओढली का, थांबल्यावर एखादे चाक जास्त तापलेले किंवा वासाचे होते का, हे सगळे लिहून घ्या. ऑइल शेवटचे कधी बदलले तेही लिहा. दोष तापल्यावरच येत असेल, तर मेकॅनिकला सोबत घेऊन तशाच उतारावर ट्रायल घ्यायला सांगा. तपासणीत काही सापडले नाही तर तेही लेखी मागा आणि कागद जपून ठेवा. तोपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका.

चालत्या गाडीत पेडल तळाला गेलेच, तर ते भराभर दाबत राहावे, एकेक गिअर खाली घ्यावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन बंद करू नये, कारण त्यासोबत बूस्टरची मदत संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

गेल्या काही दशकांत ब्रेक खूप सुधारले आहेत. आजच्या मोटारींत ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा काम करतो. तरीही पेडलमधला बदल सर्वांत आधी जाणवतो तो चालकाच्या पायाला, आणि जिथे तो घडतो तिथे मेकॅनिक हजर नसतो. म्हणून मालकाचे वर्णन ही तपासणीतली पहिली नोंद आहे. ती नेमकी देणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि दोष ज्या परिस्थितीत दिसला त्याच परिस्थितीत तो तपासल्याशिवाय ‘ब्रेक ओके’ असा शेरा न मारणे ही गॅरेजची.